मंगळाचा हिशेब मांडणारा आणि आईसाठी लढणारा केप्लर

दर रविवारी सकाळी वंदना झाली की आमच्या वस्तीतल्या विहारात सहावी ते आठवीच्या मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. मध्यंतरी एका रविवारी विषय होता सूर्यमाला. फळ्यावर सूर्य काढला, बुधापासून नेपच्यूनपर्यंत आठ ग्रह ओळीने मांडले, आणि मंगळापाशी आलो तेव्हा आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. तिच्या मोठ्या बहिणीचे जमत आलेले लग्न पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून मोडले होते. पुस्तकातला मंगळ आणि पत्रिकेतला मंगळ एकच आहे की वेगवेगळे, एवढेच तिला विचारायचे होते. स्थळ आपल्याच समाजातले होते, हेही तिने खाली मान घालून सांगितले.

आम्ही उत्तर दिले की मंगळ एकच आहे, दुसरा नाही. पण तेवढ्याने तिचे समाधान झाले नाही आणि आमचेही झाले नाही. ग्रह म्हणजे दगडमातीचे किंवा वायूचे गोळे, असे पाठ करून घेतले की परीक्षेत गुण मिळतात. घरातली भीती मात्र तशीच राहते. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही पुस्तक बाजूला ठेवले आणि या मंगळामागे आयुष्यातली उमेदीची वर्षे घालवणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगितली. त्याचे नाव योहानेस केप्लर. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात गुरुत्वाकर्षणाच्या पाठात त्याचे तीन नियम येतात. नियम पाठ होतात, माणूस राहून जातो. त्या रविवारी जे सांगितले ते इथे जरा विस्ताराने मांडत आहोत.

आईने दाखवलेला धूमकेतू

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी आजच्या जर्मनीच्या दक्षिण भागातल्या वाइल डेर श्टाट या छोट्या गावात झाला. दिवस भरायच्या आधीच जन्मलेले हे मूल अशक्त होते. लहानपणी देवीचा आजार झाला, त्यात जीव वाचला पण नजर कायमची अधू झाली. वडील भाडोत्री सैनिक. पैशासाठी कुणाच्याही लढाईत जायचे, महिनोन्महिने घरी नसायचे आणि पुढे एकदा गेले ते परतलेच नाहीत. घर चालवले ते आईने, काथारिनाने. ती खानावळवाल्याची मुलगी. तिला लिहितावाचता येत नव्हते, पण झाडपाल्याची औषधे ठाऊक होती. कुणाला ताप आला, कुणाचे दुखले खुपले की ती काढा करून द्यायची. हा तिचा गुण लक्षात ठेवावा, कारण पुढे तोच तिच्या जिवावर उठला.

१५७७ साली आकाशात एक मोठा धूमकेतू दिसला. सगळा युरोप घाबरला होता. धूमकेतू म्हणजे दुष्काळ, रोगराई किंवा राजाचा मृत्यू, असे तिकडेही मानत. काथारिनाने मात्र सहा वर्षांच्या मुलाला हाताला धरून गावाबाहेरच्या उंच जागी नेले आणि तो दाखवला. अधू नजरेच्या त्या मुलाला तो किती दिसला असेल कुणास ठाऊक, पण ती रात्र त्याने जन्मभर लक्षात ठेवली. नऊ वर्षांचा असताना त्याला असेच घराबाहेर नेऊन चंद्रग्रहण दाखवले गेले. आपल्याकडे आजही ग्रहण लागले की गरोदर बाईला घरात कोंडतात, ही गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

याच धूमकेतूकडे डेन्मार्कमध्ये आणखी एक माणूस रोज मोजमापे घेत पाहत होता. त्याचे नाव टायको ब्राहे. धूमकेतू आपल्या हवेतला नसून चंद्राच्याही पलीकडचा आहे, असे त्याने मोजून दाखवले. हे दोघे पुढे भेटणार होते.

शिष्यवृत्तीवर शिकलेला मुलगा

घरची परिस्थिती अशी की केप्लरला मधूनमधून शाळा सोडून काम करावे लागे. पण त्या राज्यात हुशार गरीब मुलांसाठी सरकारी शिष्यवृत्ती होती. तिच्या आधारावर तो शिकत गेला आणि १५८९ साली ट्युबिंगेनच्या विद्यापीठात पोहोचला. शिष्यवृत्ती नसती तर हा मुलगा खानावळीत भांडी घासत राहिला असता. आपल्यापैकी ज्यांच्या घरात शिष्यवृत्तीवर शिकलेली पहिली पिढी आहे, त्यांना यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

त्याला व्हायचे होते धर्मोपदेशक. पण मिखाएल मेस्टलिन या गणिताच्या शिक्षकाने त्याला कोपर्निकसचा विचार समजावून दिला. पृथ्वी मध्यभागी आणि सूर्यासह सगळे ग्रह तिच्याभोवती, असे तेव्हा सर्वत्र शिकवले जाई. कोपर्निकसने १५४३ सालच्या आपल्या ग्रंथात सूर्य मध्यभागी ठेवला आणि पृथ्वीला इतर ग्रहांच्या रांगेत बसवले. केप्लरला ही मांडणी पटली आणि तो ती उघडपणे मांडू लागला.

१५९४ साली अभ्यासक्रम पूर्ण व्हायच्या आधीच त्याला आजच्या ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी गणिताचा शिक्षक म्हणून पाठवले. वर्गात मुले मोजकीच, पगार बेताचा. नोकरीचा एक भाग म्हणजे दरवर्षीचे पंचांग तयार करणे, आणि त्यात हवामानाची, लढायांची भाकिते घालणे. पहिल्याच पंचांगात त्याने कडक थंडीचे आणि तुर्कांच्या स्वारीचे भाकीत केले. दोन्ही खरे निघाले आणि त्याचे नाव झाले. केप्लर पत्रिका करायचा ही गोष्ट आम्ही मुलांपासून लपवली नाही, तुमच्यापासूनही लपवत नाही. त्याबद्दल शेवटी बोलू.

एक सुंदर कल्पना

तेव्हा सहाच ग्रह माहीत होते: बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी. केप्लरला प्रश्न पडला की सहाच का? आणि त्यांच्यातली अंतरे अशीच का? एके दिवशी वर्गात शिकवताना त्याला सुचले की सर्व बाजू सारख्या असलेल्या घनाकृती जगात पाचच आहेत. सहा ग्रहांच्या मध्ये जागाही पाचच. म्हणजे प्रत्येक जागेत एकेक आकृती बसत असणार. १५९६ साली त्याने यावर पुस्तक लिहिले. त्याचे वय होते चोवीस.

कल्पना दिसायला फार सुंदर होती आणि ती चूक होती. आज आपल्याला आठ ग्रह माहीत आहेत. युरेनस १७८१ साली आणि नेपच्यून १८४६ साली सापडला. पण केप्लरने तेव्हाच एक गोष्ट ओळखली. आपली कल्पना खरी की खोटी हे ठरवायला नेमकी मोजमापे लागतात, आणि ती मोजमापे फक्त टायको ब्राहेकडे आहेत.

त्याच सुमारास ग्राझमध्ये धर्माचा वरवंटा फिरला. तिथल्या कॅथलिक राज्यकर्त्याने प्रोटेस्टंट लोकांना हुकूम दिला की आमचा पंथ स्वीकारा, नाहीतर चालते व्हा. केप्लरने पंथ बदलायला नकार दिला. १६०० साली त्याला बायको आणि सावत्र मुलीसह गाव सोडावे लागले. तो गेला प्रागला, टायकोकडे.

मंगळाशी झुंज

टायको श्रीमंत सरदार होता. दुर्बीण तेव्हा निघालेली नव्हती. मोठमोठी कोनमापक यंत्रे बांधून, नुसत्या डोळ्यांनी, त्याने वीस वर्षांहून जास्त काळ ग्रहांच्या जागा टिपून ठेवल्या होत्या. पण तो आपल्या नोंदी कुणाला सहज दाखवत नसे. केप्लरला त्याने काम दिले ते मंगळाचे, कारण मंगळाची चाल कुणाच्याच गणितात नीट बसत नव्हती. केप्लरला वाटले होते की आठ दिवसांत हिशेब लागेल. त्याला पाच वर्षांहून जास्त लागली. ऑक्टोबर १६०१ मध्ये टायको वारला, त्याच्या जागी सम्राटाचा गणिती म्हणून केप्लरची नेमणूक झाली आणि त्या नोंदी त्याच्या हाती आल्या.

मंगळ एवढा का छळत होता? रोज रात्री पाहिले तर मंगळ ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पूर्वेकडे सरकताना दिसतो. पण सुमारे सव्वीस महिन्यांनी एकदा तो थांबतो, काही आठवडे उलटा जातो आणि पुन्हा पूर्ववत चालू लागतो. ज्योतिषी याला वक्री मंगळ म्हणतात. मुलांना आम्ही महामार्गाचे उदाहरण दिले. आपली एसटी पुढच्या ट्रकला ओलांडून जाते, तेव्हा ट्रक दूरच्या डोंगराच्या तुलनेत मागे जातोय असे वाटते. ट्रक मागे जात नसतो. पृथ्वी आतल्या मार्गाने वेगात जाते आणि मंगळाला ओलांडते. मंगळ मागे गेल्यासारखा दिसतो. वक्री होण्यात याहून जास्त काही नाही. एवढे कोपर्निकसच्या मांडणीतूनही कळत होते. पण अमुक रात्री मंगळ नेमका कुठे दिसेल, हे मात्र अचूक सांगता येत नव्हते.

केप्लरने आधी पृथ्वीची कक्षा तपासली, कारण आपण ज्या गाडीत बसलोय तिचाच वेग नीट माहीत नसेल तर समोरच्या गाडीचा वेग कसा कळणार? मंगळ सूर्याभोवतीची एक फेरी ६८७ दिवसांत पूर्ण करतो. म्हणजे ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नोंदींत मंगळ त्याच जागी असतो, पण पृथ्वी वेगळ्या जागी असते. अशा नोंदींच्या जोड्या लावून त्याने मंगळावरून पृथ्वीची जागा शोधली.

मग मंगळासाठी त्याने एक वर्तुळ बसवले. हे गणित त्याने किमान ७० वेळा पुन्हापुन्हा केले. ना कॅल्क्युलेटर, ना मदतनीसांची फौज. शेवटी वर्तुळ जवळजवळ जुळले. काही ठिकाणी मात्र गणिताने सांगितलेली जागा आणि टायकोने पाहिलेली जागा यात ८ कलांचा फरक राहिला. एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक कला. पौर्णिमेचा चंद्र आकाशात सुमारे ३० कला रुंद दिसतो. म्हणजे फरक होता चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाव भागाएवढा.

एवढ्या फरकाकडे कुणीही कानाडोळा केला असता. त्याआधीच्या काळातल्या नोंदींत यापेक्षा मोठ्या चुका चालून जात. पण टायकोच्या नोंदींत एवढी चूक होऊ शकत नाही, हे केप्लरला माहीत होते. त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: आपली अनेक वर्षांची मेहनत खरी मानायची, नाहीतर त्या नोंदी खऱ्या मानायच्या. त्याने आपली मेहनत बाजूला ठेवली. ग्रह वर्तुळातच फिरतात हे दोन हजार वर्षांचे मत होते. आकाश पवित्र, वर्तुळ परिपूर्ण, म्हणून आकाशात वर्तुळच असणार, असा तो विश्वास. त्या ८ कलांपायी केप्लरने तो सोडला.

१६०५ साली त्याला उत्तर सापडले आणि १६०९ साली ते ग्रंथरूपाने छापले गेले. मंगळाची कक्षा वर्तुळ नसून लंबवर्तुळ आहे, आणि सूर्य तिच्या मध्यावर नसून एका बाजूला, नाभीवर आहे. हा पहिला नियम. ग्रह सूर्याजवळ असताना वेगात जातो आणि लांब असताना हळू, आणि तो अशा बेताने की ग्रह आणि सूर्य यांना जोडणारी रेघ सारख्या वेळात सारखेच क्षेत्रफळ पार करते. हा दुसरा नियम. खरे तर दुसरा नियम त्याला आधी सापडला होता.

दोन टाचण्या आणि एक दोरा

हे वर्गात करून पाहता येते. मोठ्या पुठ्ठ्यावर ४.७ सेंटिमीटर अंतरावर दोन टाचण्या रोवा. ५४.७ सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्याची गाठ मारून कडे करा, ते टाचण्यांभोवती अडकवा, आणि पेन्सिलीने दोरा ताणत आकृती पूर्ण करा. ही मंगळाच्या कक्षेची अगदी प्रमाणात काढलेली आकृती. लांबी भरेल ५० सेंटिमीटर आणि रुंदी ४९.८ सेंटिमीटर. फरक जेमतेम दोन मिलिमीटर! आमच्या मुलांनी आधी ते वर्तुळच आहे असे ठरवले. मग पट्टी लावून मोजले. एक टाचणी म्हणजे सूर्य, आणि तो मध्यापासून सव्वादोन सेंटिमीटरहून थोडा जास्त सरकलेला.

पुस्तकातल्या चित्रांत कक्षा अंड्यासारखी चपटी काढतात, त्यामुळे एक चुकीची समजूत पक्की होते. पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा आणि लांब गेली की हिवाळा, असे बहुतेक मुलांना वाटते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या ऐन थंडीत. तेव्हाचे अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. जुलैच्या सुरुवातीला ते सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर होते. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला असल्यामुळे. अंतरातला फरक दिसतो तो वेगात. जानेवारीत पृथ्वी सेकंदाला ३०.३ किलोमीटर धावते, जुलैत २९.३.

दुःखाची वर्षे आणि तिसरा नियम

१६११ हे साल केप्लरसाठी वाईट गेले. सहा वर्षांचा मुलगा देवीच्या आजाराने गेला, पाठोपाठ बायको बार्बारा गेली. सम्राटाची गादी गेली. केप्लर ऑस्ट्रियातल्या लिंझ गावी शिक्षक म्हणून गेला. तिथे कॅथलिकांचा नाही, त्याच्या स्वतःच्याच पंथाचा फटका बसला. पंथाच्या सगळ्या कलमांवर डोळे मिटून सही करायला त्याने नकार दिला, तेव्हा तिथल्या धर्मगुरूने त्याला प्रभुभोजनाच्या विधीतून बाहेर ठेवले. म्हणजे एका बाजूच्या लोकांनी गावातून काढले आणि दुसऱ्या बाजूच्यांनी पंगतीतून.

१६१३ साली त्याने सुसान्नाशी दुसरे लग्न केले. संसार पुन्हा उभा राहिला, पण मुले दगावत राहिली. १६१८ च्या फेब्रुवारीत एक लहान मुलगी गेली. त्यानंतर तीन महिन्यांनी, १५ मे १६१८ रोजी, त्याला तिसरा नियम गवसला. ग्रहाला एका फेरीला किती वर्षे लागतात त्या आकड्याचा वर्ग करा. सूर्यापासूनचे त्याचे सरासरी अंतर पृथ्वीच्या अंतराच्या किती पट आहे त्याचा घन करा. दोन्ही उत्तरे सारखी येतात. गुरूचे उदाहरण घ्या. त्याला एका फेरीला ११.८६ वर्षे लागतात. वर्ग येतो १४०.७. तो पृथ्वीपेक्षा ५.२ पट लांब. घन येतो १४०.६. आमच्या मुलांनी हे फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर केले आणि ओरडलीच. अंतर मोजायला न जाता, नुसत्या फेरीच्या काळावरून अंतराचे प्रमाण कळू लागले. सगळे ग्रह एकाच हिशेबाने बांधलेले आहेत. कुणी शुभ नाही, कुणी अशुभ नाही.

याच हिशेबाने साडेसातीचेही गूढ उकलते. शनीला सूर्याभोवती एका फेरीला साडेएकोणतीस वर्षे लागतात. त्याला बाराने भागले की एका राशीत साधारण अडीच वर्षे. साडेसाती धरतात तीन राशींची. तीन गुणिले अडीच, साडेसात. हा आकडा शनीच्या रागातून आलेला नाही, त्याच्या लांबच्या वाटेतून आलेला आहे. आणि कोणत्याही दिवशी बारापैकी तीन राशींना साडेसाती असतेच, म्हणजे जगातल्या साधारण पाव लोकांना.

आईवरचा खटला

आता गोष्टीतला तो भाग, ज्यासाठी आम्ही हे सगळे सांगायला बसलो.

१६१५ च्या अखेरीस केप्लरला बहिणीचे पत्र आले. लेओनबेर्ग गावात त्याच्या आईला चेटकीण ठरवले जात होते. उर्सुला राइनबोल्ड नावाच्या बाईचे काथारिनाशी भांडण झाले होते. ती बाई आजारी होती आणि काथारिनाने दिलेल्या कडू पेयाने आपल्याला बाधा झाली, असे ती सांगू लागली. गावचा अधिकारी तिच्या बाजूचा. मग एकेकाला काहीबाही आठवू लागले. एका शाळामास्तरचा पाय लुळा पडला तो तिने दिलेल्या दारूमुळे. विटा वाहून नेणाऱ्या एका मुलीचा हात बधिर झाला तो ही म्हातारी वाटेत जवळून गेली म्हणून. कुणाचे वासरू मेले. त्या काळात युरोपात हे बोलणे म्हणजे मरणच. त्या काही शतकांत तिकडे अशा आरोपांखाली ४० ते ५० हजार माणसांना मारले गेले असा इतिहासकारांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुसंख्य बाया होत्या. म्हाताऱ्या, विधवा, एकट्या राहणाऱ्या, तोंडाने फटकळ, औषधपाणी जाणणाऱ्या. काथारिना यात पुरेपूर बसत होती.

७ ऑगस्ट १६२० च्या पहाटेपूर्वी शिपाई आले. काथारिना मुलीच्या घरी झोपली होती. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईला पेटाऱ्यात घालून बाहेर नेले. पुढे चौदा महिने ती साखळदंडात राहिली. गावात राहणाऱ्या धाकट्या मुलाला आपल्या धंद्याची आणि इभ्रतीची चिंता होती, त्याने अंग काढून घेतले. केप्लर मात्र लिंझचे काम सोडून, बायकोमुलांना वाटेत रेगेन्सबुर्गला ठेवून, शेकडो किलोमीटर प्रवास करून आला. सम्राटाचा गणिती चेटकिणीची बाजू घेतो म्हटल्यावर त्याचीही नोकरी आणि नाव पणाला लागले होते.

त्याने बचाव कसा केला, ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावे. चेटूक जगात असतच नाही, असे तो कोर्टात म्हणाला नाही. तसे म्हणून आई सुटली नसती, आणि त्याच्या काळात तोही तसे पूर्णपणे मानत नव्हता. त्याने मंगळाच्या बाबतीत केले तेच केले. प्रत्येक साक्ष वेगळी काढली आणि तिची तारीख, जागा, क्रम तपासला. कोण कोणाशी कधी भांडले आणि आरोप त्याआधी झाला की नंतर, हे मांडले. प्रत्येक आजाराला साधे कारण आहे का ते शोधले. मास्तरने ओझे घेऊन चर ओलांडायला उडी मारली होती, पाय त्यात गेला. मुलीचा हात विटांच्या वजनाने बधिर झाला आणि काही दिवसांत बराही झाला. आरोपी रडत नाही म्हणून ती चेटकीण, या म्हणण्यावर त्याने म्हातारपणाकडे बोट दाखवले. त्याचा लेखी बचाव शंभराहून जास्त पानांचा होता. वीस वर्षांपूर्वी त्याने ८ कलांकडे कानाडोळा केला नव्हता. आता साक्षींतल्या एकाही विसंगतीकडे केला नाही.

प्रकरण ट्युबिंगेनच्या कायदेपंडितांकडे गेले, म्हणजे तो शिकला त्याच विद्यापीठात. त्यांनी ठरवले की आरोपीला छळाची हत्यारे दाखवून घाबरवावे आणि कबुली येते का पाहावे. २८ सप्टेंबर १६२१ रोजी जल्लादाने काथारिनापुढे एकेक हत्यार मांडले. बहुतेक बाया इथे कोसळत आणि नसलेला गुन्हा कबूल करत. निरक्षर काथारिनाने कबुली दिली नाही. काही दिवसांत तिची सुटका झाली. पण गावाने तिला परत घेतले नाही. जिवाचीच धमकी होती. सहा महिन्यांनी, एप्रिल १६२२ मध्ये, ती गेली.

केप्लरने तिला वाचवले, असे आम्ही म्हणतो. खरे तर तिने स्वतःलाही वाचवले.

अखेर

यानंतर तीस वर्षे चाललेल्या धर्मयुद्धाने केप्लरला एका जागी बसू दिले नाही. लिंझला वेढा पडला, छापखाना जळाला. तरी १६२७ साली त्याने उल्म गावी ग्रहांच्या स्थितीची कोष्टके छापली, त्यावेळच्या कोणत्याही कोष्टकांपेक्षा कितीतरी अचूक. थकलेला पगार मागायला तो नोव्हेंबर १६३० मध्ये रेगेन्सबुर्गला गेला, तापाने आजारी पडला आणि १५ तारखेला वारला. वय अठ्ठावन्न. पुढे युद्धात ते कब्रस्तानही उद्ध्वस्त झाले. त्याची कबर आज कुठेच नाही.

त्याने आधी सांगून ठेवले होते की ७ नोव्हेंबर १६३१ रोजी बुध सूर्याच्या बिंबावरून जाताना दिसेल. पॅरिसमध्ये पिएर गासेंदीने त्या दिवशी तो ठिपका पाहिला. भाकीत करणारा एक वर्षापूर्वीच गेला होता. पंचांगातल्या त्याच्या थंडीच्या आणि स्वारीच्या भाकितांमागे असा तपासता येणारा हिशेब नव्हता, यामागे होता. १६८७ साली न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला तेव्हा केप्लरचे तिन्ही नियम त्यातून निघाले. २००९ साली त्याच्या नावाची दुर्बीण अवकाशात गेली आणि तिने दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे अडीच हजारांहून जास्त ग्रह शोधले.

आणि त्याच्या पत्रिका? त्याने त्या केल्या, पोटासाठी केल्या, आणि ग्रहांच्या कोनांचा माणसाच्या स्वभावावर काही परिणाम होतो असे तो शेवटपर्यंत थोडेफार मानतही राहिला. पेठेतल्या ज्योतिषांवर त्याने कडक टीका केली, पण स्वतः पूर्ण सुटला नाही. आम्हाला यात लपवण्यासारखे काही वाटत नाही. माणूस महापुरुष झाला की त्याचे सगळेच खरे मानायचे, ही सवय त्याच्या मार्गाच्या उलटी आहे. त्याचे जे हिशेबात उतरले ते घ्यावे, जे उतरले नाही ते सोडावे. त्यानेही स्वतःच्या सुंदर कल्पनेचे वर्तुळ असेच सोडले होते.

आज आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर तो आला. करणी केली म्हणून कुणाला बदनाम करणे, छळणे हा त्याखाली गुन्हा आहे. पण कायदा पोलीस ठाण्यात असतो आणि पत्रिका घरात. आपण सत्यनारायण सोडला, उपास सोडले. लग्नाची वेळ आली की मात्र काही घरांतून हळूच पत्रिका बाहेर येते, आणि तिचा पहिला वार मुलीवर होतो.

म्हणून वर्गाच्या शेवटी आम्ही त्या मुलीकडून एक हिशेब करून घेतला. प्रचलित नियमाप्रमाणे मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की पत्रिका मंगळाची. बारापैकी पाच घरे. म्हणजे दर बारा माणसांत साधारण पाच मंगळाची. वर्गात चोवीस मुले होती. तिने मोजून दहा जणांना उभे केले. सगळे हसले, उभे राहिलेलेही.

ती आकृतीचा पुठ्ठा आणि दोरा घरी घेऊन गेली. बहिणीला दाखवायचा आहे म्हणाली. पुढच्या रविवारी ती बहिणीलाच विहारात घेऊन आली. तुमच्या वस्तीत असा वर्ग असेल तर दोन टाचण्या, एक दोरा आणि केप्लरची ही गोष्ट तिथे पोहोचवा. आणि घरात पुढचे लग्न ठरताना पत्रिका निघाली, तर तिथेच बोला. केप्लरची खरी कसोटी आकाशात नाही, आईच्या कोठडीबाहेर लागली. आपलीही घरातच लागेल.